ग्रह बांधायचाय? मग आधी त्या उष्णतेचं काय करणार ते सांगा

प्रश्न असा आहे की माणूस कधीतरी, अगदी हजार-दोन हजार वर्षांनी का होईना, स्वतःचा ग्रह बांधू शकेल का, आणि टेक्नॉलॉजी ज्या वेगाने चाललीय ते बघता अशक्य असं काही राहणारच नाही ना. माझी सगळी नोकरी सॅटेलाईटच्या थर्मल डिझाइनमध्ये गेली, म्हणजे वर गेलेलं यंत्र तापून किंवा गारठून मरू नये एवढंच बघायचं, त्यामुळे मी ह्या प्रश्नाकडे त्याच चष्म्यातून बघणार हे आधीच सांगून ठेवतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम आडवा येत नाही, दगडधोंडे गोळा करून एक छोटा गोळा जमवता येईल. पण ज्याच्यावर साध्या कपड्यात उभं राहून श्वास घेता येईल असा पृथ्वीसारखा ग्रह बांधणं ही इतकी मोठी उधळपट्टी आहे की ज्यांच्या अंगात ते करायची ताकद येईल ते लोक त्या भानगडीत पडणारच नाहीत, त्याच मालातून ते दुसरंच काहीतरी बांधतील. आता हे का ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी मालाचं बघू. पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे ६ च्या पुढे २४ शून्यं इतके किलो. हा आकडा डोक्यात शिरत नाही, माझ्याही नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने येऊ. २०२० साली इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी हिशोब मांडला होता की माणसाने बनवलेल्या आणि आज वापरात असलेल्या सगळ्या वस्तू, म्हणजे काँक्रीट, विटा, खडी, डांबर, लोखंड, प्लॅस्टिक सगळं धरून, साधारण १.१ लाख कोटी टन भरतात. मंगळाला डायमॉस नावाचा जो बारकासा चंद्र आहे, जेमतेम १२ किमीचा वेडावाकडा दगड, त्याचं वस्तुमान १.५ लाख कोटी टन. म्हणजे जगातली सगळी शहरं, धरणं, रस्ते, पूल एकत्र केले तरी आपला अजून एक डायमॉस पुरा झालेला नाही. आणि पृथ्वी ह्या सगळ्या बांधकामाच्या साडेपाचशे कोटी पट आहे.

बरं हे झालं जमिनीवरचं काम. अंतराळातून दगड उचलून आणायचा आपला अनुभव किती, तर अपोलोच्या सहा लँडिंगमधून मिळून ३८२ किलो, चीनच्या चांगई-५ आणि चांगई-६ मधून पावणेदोन आणि दोन किलोच्या आसपास, जपानच्या हायाबुसा-२ ने र्‍युगूवरून ५.४ ग्रॅम आणि नासाच्या ओसायरिस-रेक्सने बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम (हे दोन्ही लघुग्रह, म्हणजे अॅस्टेरॉइड). बेन्नूच्या त्या मूठभर मातीसाठी यान २०१६ ला गेलं आणि कॅप्सूल २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खाली आली. चेष्टा म्हणून सांगत नाहीये, त्यातलं प्रत्येक मिशन अफाट आहे, फक्त सध्या आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते कळावं म्हणून. दगड ढकलायचं म्हणाल तर २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोसला, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या दगडाला, सेकंदाला ६ किमीच्या वेगाने धडक दिली आणि त्याची मोठ्या दगडाभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून अर्ध्या तासाने कमी झाली. आजवर माणसाने हलवलेली सगळ्यात मोठी आकाशातली गोष्ट ही, साधारण दीडशे मीटरची.

ह्यावर लगेच उत्तर येतं की मंगळ आणि गुरूच्या मध्ये लघुग्रहांचा अॅस्टेरॉइड बेल्ट आहे की, तिथे फुकटचा माल पडलाय, तो गोळा करा. करा, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सेरेस, व्हेस्टा, पॅलस हे त्यातले सगळ्यात मोठे धरून सगळा पट्टा एकत्र केला तरी आपल्या चंद्राच्या जेमतेम ३ टक्के भरतो. मी कागदावर मांडून बघितलं, तो सगळा माल एका जागी आणला तर साधारण १२०० किमी व्यासाचा गोळा होईल. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ४ टक्क्यांच्या आसपास, ६० किलोच्या माणसाचं वजन काट्यावर अडीच किलो दिसेल. आणि हवेची गंमत बघा, बहुतेक जणांना वाटतं ग्रह छोटा म्हणजे हवा कमी लागेल, पण होतं उलटं. हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, गुरुत्वाकर्षण कमी झालं की तेवढाच दाब आणायला जास्त हवा रचावी लागते. पृथ्वीवर दर चौरस मीटरवर १० टन हवा उभी आहे, ह्या पट्ट्याच्या ग्रहावर तेवढ्याच दाबाला दर चौरस मीटरवर दोनशे टनांच्या वर लागेल, आणि एवढं करून ती टिकणार नाही कारण तिथून सुटायला सेकंदाला पाऊण किमीचा वेग पुरतो आणि साध्या तापमानाला हवेचे रेणू सरासरी अर्धा किमीने पळत असतात. म्हणजे भरा आणि सोडून द्या.

मोठा ग्रह हवा तर मग मोठे ग्रह फोडायला हवेत, बुध फोडा, गुरूचे चंद्र फोडा. फ्रीमन डायसन ह्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा हिशोब केलेला, गुरू उसकटून त्याचा माल दुसरीकडे मांडायला सूर्याची ८०० वर्षांची सगळी ऊर्जा लागेल. सगळी म्हणजे पृथ्वीवर पडते ती नाही, सूर्य चहूकडे फेकतो ती सगळी.

आता माझ्या विषयाकडे येतो, कारण ग्रह बांधायच्या गप्पांमध्ये माल, रॉकेट, रोबोट, पैसा सगळं येतं आणि उष्णता कोणी काढतच नाही.

वरून दगड आणून ग्रहावर टाकायचा म्हणजे तो पडणार. पृथ्वीएवढ्या ग्रहावर लांबून येऊन पडणारी वस्तू कमीत कमी सेकंदाला ११.२ किमी वेगाने आदळते, तुम्ही तिला ढकललं नाही तरी. ह्या वेगाला एका किलो दगडात जवळजवळ १५ किलो टीएनटी ह्या स्फोटकाएवढी ऊर्जा असते. दगड आदळला म्हणजे काय होतं ते बघायला आपल्याला लांब जायला नको, बुलढाण्यात लोणार आहे, बेसॉल्टच्या कातळात १.८ किमीचा खड्डा, आणि आजूबाजूच्या मातीत वितळून काच झालेले दगडाचे मणी. ग्रह बांधणं म्हणजे लोणार, पण प्रत्येक चौरस किलोमीटरवर, एकावर एक, काम संपेपर्यंत. सुरुवातीला ग्रह छोटा असतो तेव्हा दगड हळू पडतात, नंतर नंतर जोरात, सरासरी काढली तर पृथ्वी पुरी होईपर्यंत प्रत्येक किलोमागे साधारण ९ किलो टीएनटीएवढी ऊर्जा मोकळी होते. दगड वितळवायला ह्याच्या पाचेक टक्के पुरे, बाकीच्यात तो वाफ होईल. एकूण बेरीज म्हणजे सूर्य जवळजवळ आठवडाभर जेवढा जळतो तेवढी. पृथ्वी स्वतः बनली तेव्हा हेच झालं होतं, ती काही हिरवीगार जन्माला आली नाही.

मग ही उष्णता जाणार कुठे? पृथ्वीभोवती निर्वात पोकळी आहे, आणि निर्वातात उष्णता बाहेर पडायला एकच दार, ते म्हणजे रेडिएशन, उष्णता किरणांच्या रूपात फेकणं. वारा नाही, पाणी नाही, टेकायला काही नाही. स्पेस स्टेशनवरचे ते मोठे पांढरे पंखे लोकांना सोलर पॅनल वाटतात, त्यातले बरेचसे रेडिएटर आहेत, आतून अमोनिया फिरवून सगळे मिळून ७० किलोवॉट बाहेर फेकतात आणि तेवढ्यासाठी केवढा खटाटोप. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या एका लूपचा पंप बंद पडला तर अर्धं कूलिंग गेलं, बरीच यंत्रं बंद करावी लागली आणि पंप बदलायला तीन स्पेसवॉक लागले. ७० किलोवॉटची ही कथा. तुमच्या नव्या ग्रहाचा पृष्ठभाग माणसाला झेपेल अशा तापमानाला ठेवून ती सगळी उष्णता बाहेर जाऊ द्यायची म्हटलं तर साधारण ३ कोटी वर्षं लागतात. तेही सूर्याकडून येणारी उष्णता धरलेलीच नाही, ती धरली तर अजून वाढेल. लाव्हा तसाच उघडा लालभडक ठेवला तर पन्नासेक हजार वर्षांत आटपेल असं गणित म्हणतं, पण लाव्हा उघडा राहत नाही, वर साय धरते, दगडाची साय म्हणजे उत्तम इन्सुलेशन, आणि मग आतली उष्णता आत. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांनंतर आजही आतून ४० टेरावॉटच्या वर उष्णता सोडतेय, त्यातली काही रेडिओअॅक्टिव्ह क्षयाची आणि काही अजून त्या जन्माच्या वेळची शिल्लक.

इथे हुशार माणूस म्हणेल की दगड टाकायचा कशाला, दोरीने हळू खाली सोडा, ब्रेक लावत लावत, आणि उतरताना जी ऊर्जा निघेल त्याची वीज करा. बरोबर आहे, तत्त्वतः होतं, लिफ्टमध्ये आणि लोकलमध्ये आपण तेच करतो. पण ती वीज कुठेतरी वापरणारच ना, वापरली की शेवटी उष्णताच, फक्त ती ग्रहावर न होता लांब कुठल्यातरी रेडिएटरवर होईल. सूर्याच्या एका आठवड्याची ऊर्जा फेकायला लागणारे रेडिएटर बांधायला पुन्हा माल. शिवाय आतला दगड वरच्या ओझ्याने दाबला जातो, त्याने तापतो, ते दोरीने थांबत नाही.

बारका ग्रह असला तर हा त्रास कमी होतो हे मात्र कबूल. तो पट्ट्यातला १२०० किमीचा गोळा जमवताना किलोमागे फक्त दीड लाख ज्यूल निघतात, म्हणजे दगड दीड-दोनशे अंशांनी तापेल, वितळणार नाही. एकूण ऊर्जा सूर्याच्या एका सेकंदाएवढी. सूर्याचा सेकंद म्हणजे किरकोळ नाही हां, सगळं जग आज वर्षाला जेवढी ऊर्जा वापरतं त्याची सहा लाख वर्षं. पण शक्य कोटीतलं. फक्त तो ग्रह बांधून तुम्हाला मिळालं काय, तर हवा न टिकणारा एक दगड, आणि तसे आपल्याकडे आधीच भरपूर पडलेत.

मग गुरुत्वाकर्षणात चीटिंग करायचे मार्ग निघतात, हा मला स्वतःला आवडणारा भाग. ग्रह छोटा पण जड करा. सगळ्यात घन धातू ऑस्मियम, पाण्याच्या साडेबावीस पट. शुद्ध ऑस्मियमचा ग्रह केला तर १५५० किमी त्रिज्येला पृथ्वीएवढं वजन जाणवेल, म्हणजे चंद्रापेक्षा थोडा लहान. एवढं ऑस्मियम अख्ख्या सूर्यमालेत खणून कुठे मिळायचं नाही. त्याहून पुढे जाऊन १०० किमी त्रिज्येचा ग्रह घ्या, त्यावर पृथ्वीएवढं वजन हवं तर वस्तुमान सेरेसच्या दीडपट पुरतं, ऐकायला स्वस्त वाटतं, पण घनता येते पाण्याच्या साडेतीनशे पट, सूर्याच्या गाभ्याच्याही दुपटीहून जास्त. तसा पदार्थ आपल्या हातात येऊच शकत नाही, मध्यभागी छोटं कृष्णविवर ठेवून भोवती कवच बांधा एवढीच वाट उरते, आणि ती वाट ज्यांना परवडेल त्यांना माझ्या उत्तराची गरज नाही. तरीही समजा जमलं. तिथून सुटायचा वेग भरतो सेकंदाला १.४ किमी, चंद्रापेक्षाही कमी. म्हणजे पायाला वजन पृथ्वीचं आणि हवा तरी उडून जाणार. वर झाकण लागेलच.

झाकण लावायचंच आहे तर खाली ग्रह कशाला हवा?

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रहाकडून आपल्याला हवंय काय, पाय टेकायला जमीन, थोडं वजन, श्वासाला हवा आणि अंतराळातल्या घातक रेडिएशनपासून आडोसा. त्यासाठी निसर्गाने पृथ्वीच्या दर चौरस मीटर जमिनीखाली सव्वा कोटी टनाच्या आसपास दगड आणि लोखंड रचलंय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे मसाला बारा लाखांचा. निसर्गाला माल फुकट होता आणि घाई नव्हती. आपण बांधणार तेव्हा वजनासाठी वस्तू गोल फिरवायची, हवेसाठी भिंत घालायची आणि रेडिएशनसाठी भिंतीला जाडी द्यायची, दर चौरस मीटरला दहा-वीस टनात काम होतं. ह्या हिशोबाने एकट्या सेरेसमधून, चौरस मीटरला २० टन धरले तरी, पृथ्वीच्या अख्ख्या पृष्ठभागाच्या ९० पट जागा निघते, समुद्रासकट ९० पट. तोच माल गोळा करून ग्रह केला तर सेरेस. म्हणजे जसा आहे तसाच.

ही कल्पना माझी नाही. प्रिन्स्टनचे जेरार्ड ओ'नील, पार्टिकल फिजिक्सवाले, त्यांनी १९६९ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच प्रश्न दिला की वाढत्या तांत्रिक समाजासाठी ग्रहाचा पृष्ठभाग ही खरंच योग्य जागा आहे का. मुलांनी गणितं केली, उत्तर नाही असं आलं, १९७४ मध्ये त्यांचा लेख फिजिक्स टुडेमध्ये आला आणि १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स सेंटरला स्टॅनफर्डबरोबर एक मोठा अभ्यासवर्ग झाला. त्यातून ते प्रसिद्ध चाक निघालं, १.८ किमी व्यासाचं, मिनिटाला एक फेरी, आत १० हजार माणसं. वजन जवळपास एक कोटी टन आणि त्यातलं बहुतेक सगळं रेडिएशनच्या आडोशासाठीची चंद्राची माती, दर चौरस मीटरला साडेचार टन. म्हणजे माणशी हजार टन. आजचं स्पेस स्टेशन ४२० टनाचं आहे, ते बांधायला १९९८ पासून एक तप लागलं आणि १०० अब्ज डॉलरच्या वर गेले, म्हणजे तसं चाक तेवीस-चोवीस हजार स्पेस स्टेशन एवढं. मोठं आहे, पण निदान माणसाच्या आकड्यात मोठं आहे. माल पृथ्वीवरून न्यायचा नाही हे ओ'नीलचं मुख्य सूत्र, पृथ्वीवरून सुटायला किलोमागे जी ऊर्जा लागते तिच्या बाविसाव्या हिश्शात चंद्रावरून सुटता येतं, हवा नसल्यामुळे रॉकेट सुद्धा नको, विजेच्या चुंबकी तोफेने फेकता येतं. त्याचं छोटं मॉडेल ओ'नील आणि एमआयटीचे हेन्री कोल्म यांनी सत्तरच्या दशकातच बनवून चालवून दाखवलं होतं.

किती मोठं करता येईल हे स्टीलची ताकद ठरवते. चांगलं स्टील घेतलं तर स्वतःच्याच वजनाने फाटायच्या आत १०-१२ किमी त्रिज्येपर्यंत जाता येतं, त्यातून माती, पाणी, घरांचं ओझं आणि सेफ्टी मार्जिन वजा केलं की ३-४ किमी उरतात, ओ'नीलची मोठी नळकांडी त्याच मापाची होती. कार्बन फायबरने अजून पुढे.

अजून एक मधली वाट आहे, घाईत सांगतो. पॉल बर्च नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने सुचवलेलं की तयार गुरुत्वाकर्षण वापरा, शनीसारख्या वायूच्या ग्रहाभोवती कवच घाला आणि वर राहा. शनीच्या ढगांच्या उंचीला वजन जवळपास पृथ्वीएवढंच आहे आणि क्षेत्रफळ ऐंशी पटीच्या वर. पण ते कवच आपलं आपण उभं राहत नाही, आत फिरणाऱ्या कड्यांच्या जोरावर तोलून धरावं लागतं, म्हणजे कायम चालू ठेवायचं यंत्र आलं. माझ्या लाइनमधला माणूस कायम चालू हे शब्द ऐकले की घाबरतो.

आणि मंगळ? सगळे शेवटी मंगळावर येतात, ग्रह बांधण्यापेक्षा तयार ग्रह दुरुस्त करू म्हणून. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. २०१८ मध्ये ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी मंगळावरचा हाताला लागण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड मोजला, ध्रुवांवरचा बर्फ, मातीत अडकलेला, सगळा, आणि निष्कर्ष काढला की सध्याच्या टेक्नॉलॉजीने हे पुरणार नाही. त्यातले जकोस्की हे मंगळाची हवा कशी उडून जातेय ते मोजणाऱ्या मेव्हन यानाचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांचा शब्द मी जड धरतो.

आता ग्रहाची बाजू घेतो, कारण इतका वेळ त्याला नावं ठेवली. ग्रहाचा एक गुण असा आहे की त्याला मेंटेनन्स नाही. हवा धरायला गॅस्केट नाही, पंप नाही, स्पेअर पार्ट नाही. चूक पचवायची ताकदही प्रचंड, कारण सगळ्याचे साठे अफाट. फिरत्या नळकांड्यात हे काहीच नसतं, आणि माझ्या मते तिथे खरा अडथळा स्टीलचा नाहीच, हवेचा आणि मातीचा आहे. ह्याचा आपल्याकडे एक खराखुरा पुरावा आहे.

अॅरिझोनात बायोस्फीअर-२ म्हणून काचेचा एक महाल आहे, सव्वा हेक्टरचा, आत छोटं रेनफॉरेस्ट, छोटा समुद्र, वाळवंट, शेती सगळं. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली आणि दार बंद झालं, दोन वर्षांसाठी. इंजिनिअरिंग म्हणून ती इमारत अप्रतिम होती. दिवसा आतली हवा तापून फुगली तर काचा फुटतील म्हणून बाजूला दोन मोठे घुमट, आत रबराचा पडदा, हवा फुगली की तो वर जाणार आणि थंड झाली की खाली, त्याला ते लंग्ज म्हणायचे. गळती वर्षाला दहा टक्क्यांच्या आत होती, एवढ्या मोठ्या काचेच्या घराला हा आकडा ऐकून मी टोपी काढतो. आणि तरी सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ वरून १४ टक्क्यांवर आला. माणसं जिना चढताना धापा टाकायला लागली, शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

गंमत म्हणजे कुठे गेला तेच कळेना. शेतीसाठी माती मुद्दाम कसदार, सेंद्रिय खताने भरलेली घातली होती, तिच्यातले जिवाणू ऑक्सिजन खात होते, ते ठीक, पण मग तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा ना, तो दिसत नव्हता. जेफ सेव्हरिंगहाऊस आणि वॉलेस ब्रोकर ह्यांनी शोध लावला की आतलं उघडं काँक्रीट तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतंय आणि त्याची चुनखडी होतेय. म्हणजे भिंतीच श्वास गिळत होत्या. कुठल्याही ड्रॉइंगवर काँक्रीट हा वायूच्या हिशोबातला घटक म्हणून नव्हता, ते फक्त स्ट्रक्चर होतं. मला ही घटना फार जवळची वाटते, कारण आमच्याकडेही नेहमी असंच निघतं, ज्याला कोणी सिस्टिमचा भाग धरलेलं नसतं तोच भाग त्रास देतो. बाकी आतले परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं मात्र माजली. पृथ्वीवर ऑक्सिजनचा साठा इतका आहे की अशी एखादी गडबड कळायला हजारो वर्षं जातील, तिथे महिन्यांत कळली, कारण डबा छोटा.

स्पेस स्टेशनवर आज पाणी ९८ टक्के परत मिळवता येतं, २०२३ मध्ये तो टप्पा गाठला, मोठी गोष्ट आहे. पण जेवण जवळजवळ सगळं खालूनच जातं. चीनने बीजिंगमध्ये लूनर पॅलेस नावाच्या बंद डब्यात २०१७-१८ मध्ये आळीपाळीने माणसं ठेवून ३७० दिवस काढले, ते ह्या कामातलं सगळ्यात आश्वासक. ज्यांना कृत्रिम ग्रह हवाय त्यांनी रॉकेटपेक्षा असल्या प्रयोगांवर लक्ष ठेवावं असं माझं मत, कारण जमिनीवर, फुकटच्या गुरुत्वाकर्षणात, बंद डबा दहा वर्षं चालवून दाखवणं अजून बाकी आहे.

मग पहिलं काय बांधलं जाईल, मला विचाराल तर माझी पैज अशी. नासा एम्सचे अल ग्लोबस ह्यांनी दाखवलंय की चाक लांब न नेता विषुववृत्तावरच्या खालच्या कक्षेत, ५०० किमीच्या आसपास ठेवलं, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बराचसा आडोसा फुकट देतं आणि ती कोटी टन माती वाचते. ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना नवीन नाही, अॅस्ट्रोसॅट ही भारताची अंतराळ दुर्बीण २०१५ मध्ये विषुववृत्ताला फक्त ६ अंश कललेल्या कक्षेत सोडली ती ह्याच कारणाने, मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका ह्या संशोधन संस्थांच्या लोकांनी केलेल्या उपकरणांना दक्षिण अटलांटिकवरच्या रेडिएशनच्या पट्ट्याचा त्रास कमी व्हावा म्हणून. तिथे साडेचारशे मीटर व्यासाचं चाक, मिनिटाला दोन फेऱ्या, त्यात पृथ्वीएवढं वजन मिळतं आणि बहुतेकांना चक्कर येणार नाही असा अंदाज आहे. काही शे माणसं राहतील. शंभर-दीडशे वर्षांत होईल असं मला वाटतं, त्याच्या आत कोणी म्हणालं तर त्याला रेडिएटरचं ड्रॉइंग मागा.

पण त्याच्याही आधी एक फार साधी गोष्ट राहिलीय. फिरवून वजन तयार करायचा प्रयोग माणसं आत असताना कक्षेत नीट असा झालेलाच नाही. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये जेमिनी-११ मध्ये कॉनराड आणि गॉर्डन ह्यांनी यान आणि अजीना रॉकेट एका पट्ट्याने बांधून हळूहळू फिरवलं, त्यातून पृथ्वीच्या वजनाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वजन मिळालं, त्यांना स्वतःला जाणवलंही नाही, फक्त सुट्या वस्तू केबिनच्या एका बाजूला सरकल्या. स्पेस स्टेशनसाठी जपानने मोठं सेंट्रिफ्यूज मॉड्यूल, म्हणजे गोल फिरवून वजन तयार करणारं यंत्र असलेली खोली, बांधायला घेतलं होतं, २००५ मध्ये ते रद्द झालं आणि त्याचा सांगाडा आता त्सुकुबाला बघायला ठेवलाय. त्यानंतर स्पेस स्टेशनच्या जपानी किबो मॉड्यूलमध्ये जपान्यांनी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये उंदीर ठेवून बघितले, त्यात पृथ्वीएवढं वजन मिळालेल्या उंदरांचे स्नायू आणि हाडं तरंगणाऱ्या उंदरांपेक्षा चांगली टिकली. माणसांचं म्हणाल तर शून्य आणि पृथ्वीएवढं ह्यांच्या मधल्या वजनात कोणी सलग जास्तीत जास्त राहिलं असेल तर ते अपोलो-१७ वाले, चंद्रावर, तीन दिवस आणि वर काही तास. चंद्राएवढ्या किंवा मंगळाएवढ्या वजनात हाडं टिकतात का, मूल नीट वाढतं का, ह्याचं माणसांवरचं मोजमाप त्या तीन दिवसांच्या पुढे गेलेलंच नाही, आणि तुमच्या चाकाला पृथ्वीएवढंच वजन लागेल की तिसऱ्या हिश्शात भागेल हे त्याच्यावर ठरतं, त्यावर व्यास, त्यावर स्टील, त्यावर सगळा खर्च.